एका गायीसाठी दूध काढायची मशीन घ्यावी का? वापरून बघितल्यावर लिहिते

आधीच सांगून टाकते, घरी एकच गाय असेल आणि धार काढणाऱ्याचे हात धड असतील तर ही मशीन घेऊ नका. हात दुखत असतील, किंवा घरात धार काढणारं एकच माणूस असेल आणि ते आजारी पडलं की सगळंच अडत असेल, तर जरूर घ्या, पण पुढचं नीट वाचून घ्या कारण विकणारे यातलं अर्धं सांगत नाहीत.

आम्ही गोव्यात वाळपईच्या पुढे राहतो, थोडं कुळागर म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे, गोठा घराला लागूनच. गाय जर्सी क्रॉस, तिसऱ्या वेताची, दोन्ही वेळचं मिळून आठ-नऊ लिटर देते. घरात पाच माणसं, शेजारची दोन घरं रतीबाला, आणि उरलेलं दूध सोसायटीत. धार इतकी वर्षं सासूबाई, म्हणजे आमच्या आईच काढायच्या. त्या अंगठा दुमडून काढतात, आपल्याकडची बहुतेक जुनी माणसं तशीच काढतात, आणि त्यात सगळा जोर अंगठ्याच्या सांध्यावर येतो. सांधा झिजलाय असं डॉक्टरांनी सांगितलं तरी त्या काढतच होत्या, संध्याकाळी पोळी लाटताना हात थरथरायचा. मुठीने धार काढणं त्यापेक्षा बरं, सडालाही बरं, मी तसंच शिकले, पण साठी उलटल्यावर हाताची सवय बदलणं कठीण असतं. नवरा शिफ्टला, दीर पणजीला, मी आजारी पडले की परत आईंवरच. गाय विकूया का असं बोलणं घरात सुरू झालं होतं आणि ते कोणालाच नको होतं, म्हणून मशीन आली.

तर मशीन काय आहे. ट्रॉलीवर एक मोटर आणि व्हॅक्यूम पंप, पंचवीस लिटरचा स्टीलचा कॅन, कॅनच्या झाकणावर पल्सेटर, आणि पाइपच्या टोकाला क्लॉ म्हणजे चारही कप जिथे एकत्र येतात तो भाग. प्रत्येक कपाच्या आत रबराची नळी असते, तिला लायनर म्हणतात. पंप सारखी हवा ओढत असतो आणि पल्सेटर मिनिटाला साधारण साठ वेळा लायनर उघडतो-मिटतो. उघडला की दूध येतं, मिटला की सडाला आराम मिळतो आणि रक्त परत फिरतं. हे मिटणं फार महत्त्वाचं आहे, पल्सेटर अडकला तर सड सतत ओढलं जातं आणि टोक लाल होऊन सुजतं. म्हणून गायीला कप लावण्याआधी रोज स्वतःचा अंगठा कपात घालून बघायचा, दाब येतोय-सुटतोय असं स्पष्ट जाणवलं पाहिजे. दोन सेकंदांचं काम आहे, चुकवू नका. व्हॅक्यूम दाखवणाऱ्या गेजवरचा काटा ४० ते ४५ किलोपास्कलच्या मध्ये हवा, काही गेजवर पाऱ्याचे मिलिमीटर असतात, तिथे ३०० ते ३४० धरा. आमच्याकडे मशीन लावून द्यायला जो माणूस आला त्याने काटा पन्नासच्या वर ठेवला होता, लवकर दूध निघतं म्हणाला. लवकर निघतं हे खरं पण सडाच्या टोकाची वाट लागते, कमीच करून घ्या.

आता वेळेचं. जाहिरातीत पाच मिनिटांत धार असं दाखवतात आणि ते खोटं नाही, आमच्या गायीचं पाच-सहा मिनिटांत निघतं, हाताने पंधरा मिनिटं लागायची. पण त्यानंतर मशीन धुवायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, ती जाहिरातीत नसतात. म्हणजे वेळ वाचत नाही, उलट थोडा जास्तच जातो. दहा गायींच्या गोठ्यात ती धुलाई दहा गायींवर वाटली जाते, आपल्याकडे सगळी एकटीच्या वाट्याला. फरक इतकाच की धुणं मी करू शकते, नवरा करू शकतो, कॉलेजला जाणारा पुतण्या सुट्टीला आला की तोही करतो, आणि आईंच्या अंगठ्याला काहीच करावं लागत नाही. आमच्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

दूध वाढतं का, तर नाही. हे विचारणारे खूप भेटले. दूध वाढतं ते खाण्याने, पाण्याने आणि वेळ पाळल्याने. पेंढा, खोबऱ्याची पेंड, भुसा, मिनरल मिक्स्चर आणि बांधावरचं नेपियर गवत हे ज्याचं त्याला द्यावंच लागतं, मशीन फक्त जे कासेत उतरलंय ते बाहेर काढते.

आणि ते उतरायला पान्हा लागतो, इथेच बहुतेक नवीन मशीनवाले अडकतात. गाय म्हणजे नळ नव्हे. सडं धुतली, हाताने चोळली, वासरू समोर दिसलं, आंबोण म्हणजे भिजवलेलं खाणं पुढ्यात आलं की तिच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं आणि साधारण एक-दीड मिनिटात दूध सडात येतं. तो जोर पाच-सात मिनिटंच टिकतो. म्हणजे तयारी करून मग मशीन शोधायला गेलात तर पान्हा निघून जातो, आणि तयारी न करता थेट कप लावले तर सुरुवातीला कोरडंच ओढलं जातं, दोन्ही वाईट. आमचा क्रम असा, मशीन आधीच जोडून गोठ्याच्या दाराशी, मग आंबोण, मग वासराला दोन घोट, मग कोमट पाण्याने सडं धुऊन स्वच्छ फडक्याने कोरडी, मग प्रत्येक सडातल्या पहिल्या तीन-चार धारा काळ्या वाटीत. काळी वाटी एवढ्यासाठी की दुधात गुठळी किंवा पाणचटपणा असेल तर त्यावर लगेच दिसतो. मग कप. पान्हा सोडत नाही म्हणून कोणी इंजेक्शन सुचवलं तर ऐकू नका, गायीचे हाल होतात आणि दूध वाढवायला तब्येतीला घातक असं काही टोचणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

सवय लावायला वेळ द्यावा लागतो. मोटरचा आवाज मिक्सरपेक्षा मोठा आहे आणि गोठा पत्र्याचा असेल तर घुमतो. आम्ही सुरुवातीचे काही दिवस नुसती मशीन चालू करून ठेवायचो आणि धार हातानेच काढायचो, आई तिच्या मानेवर हात फिरवत उभ्या राहायच्या. मग एका वेळचं मशीनने, एका वेळचं हाताने. गाय मारकुटी नाही त्यामुळे निभावलं. नव्याने सुरुवात करायची तर व्यायल्यावर ती जरा स्थिरस्थावर झाली की करा, आणि गणेश चवथीच्या आसपास अजिबात नको, घर पाहुण्यांनी भरलेलं, फटाके वाजतायत, कोणाचं कोणाकडे लक्ष नाही अशा गडबडीत जनावर बुजलं की पुढे महिनाभर त्रास.

दूध संपत आलं की लक्ष द्यायचं. कासेच्या मागच्या दोन भागांत दूध जास्त असतं, साधारण साठ टक्के मागे आणि चाळीस पुढे, त्यामुळे पुढची सडं आधी रिकामी होतात आणि मशीन त्यांना कोरडीच ओढत बसते. क्लॉच्या पारदर्शक भागातून दूध दिसतं, धार बारीक झाली की लगेच व्हॅक्यूम बंद करायचा आणि मगच कप काढायचे. चालू व्हॅक्यूममध्ये कप ओढून काढणारी माणसं मी पाहिली आहेत, कृपा करून असं करू नका, सडाचं तोंड त्यानेच खराब होतं. आणि शेवटचं थोडं दूध हाताने काढून घ्या. आमच्या घरात मशीन आल्यानंतर सोसायटीच्या स्लिपवर फॅट थोडं खाली आलं होतं, कारण शेवटच्या धारांमध्येच फॅट सगळ्यात जास्त असतं आणि त्याच कासेत राहत होत्या. आता शेवटचं मी मुठीने काढते, दोन मिनिटं लागतात, फॅट पुन्हा जागेवर आलं. त्यानंतर सडं आयोडीनच्या द्रावणात बुडवायची आणि गायीला अर्धा तास तरी बसू द्यायचं नाही, कारण सडाचं छिद्र तोपर्यंत उघडं असतं आणि पावसाळ्यात खाली ओल असतेच. पुढ्यात थोडं हिरवं टाकलं की ती उभी राहते.

दगडीची, म्हणजे कासेला सूज येऊन दूध खराब होण्याच्या आजाराची, भीती सगळ्यांना असते आणि असायलाच हवी. मशीनमुळे दगडी होते असं आमच्याकडे सर्रास म्हणतात. माझं म्हणणं, मशीन घाणेरडी असेल किंवा व्हॅक्यूम चुकीचा असेल तर होते, आणि हात घाणेरडे असतील तरी होते. पण एक आहे, एका सडात सुरुवात झालेली असेल तर मशीन ती बाकीच्या तिघांना पोचवू शकते, कारण चौघांचं दूध क्लॉमध्ये एकत्र येतं. म्हणून काळ्या वाटीत काही दिसलं, कास गरम लागली, सड कडक वाटलं, की त्या दिवशी मशीन बंद, हाताने वेगळं काढायचं, ते दूध कोणी प्यायचं नाही आणि सरकारी गुरांच्या दवाखान्यात फोन. दवाखान्यात सीएमटी म्हणजे दगडी ओळखायची दुधाची टेस्ट करतात, द्रावण घातल्यावर दूध जेलीसारखं घट्ट झालं की समजायचं आत सूज आहे, बाहेरून काही दिसत नसलं तरी. त्याचं किट घरीही ठेवता येतं, एका गायीला एक बाटली खूप दिवस जाते.

आता धुणं, यावर मी जास्त लिहिणार कारण सगळं इथेच आहे. धार झाली की लगेच, म्हणजे चहा प्यायच्याही आधी, बादलीभर कोमट पाणी मशीननेच ओढून घ्यायचं. कोमट, उकळतं नाही, उकळत्या पाण्याने दुधातलं प्रोटीन रबराला चिकटून बसतं. दूध निघून पाणी स्वच्छ आलं की मग चांगलं गरम पाणी आणि डेअरीची अल्कली पावडर, आणि ब्रशने प्रत्येक लायनर आतून. भांड्यांचा साबण वापरू नका, फेस फार होतो आणि तो पंपाकडे ओढला जातो, शिवाय वास राहतो. मग साधं पाणी. मग सगळं उलटं टांगायचं, पाइपमध्ये थेंब साचून राहिला नाही पाहिजे. आठवड्यातून एकदा अ‍ॅसिडचं द्रावण, नाहीतर दुधाचा पांढरट थर बसत जातो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं, वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात टांगलेला पाइप दुपारपर्यंत वाळेल ही अपेक्षाच ठेवू नका, रबरावर काळे ठिपके येतात आणि ती बुरशी असते. आम्ही गोठ्यातून काढून स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत टांगायला लागलो, तिथे चूल असते म्हणून हवा कोरडी राहते, फक्त धूर थेट लागणार नाही एवढं बघितलं. त्या चार महिन्यांत सकाळच्या धारेआधीही एकदा गरम पाणी फिरवून घेते. दुधाला जरासा जरी वास आला तर शेजारच्या वहिनी लगेच सांगतात, रतीब घरच्यासारख्यांकडे असण्याचा हा फायदा.

लायनरबद्दल एक हिशोब. पुस्तिकेत लिहिलेलं असतं की २५०० वेळा वापरून बदला. आपली एक गाय, दिवसाला दोनदा, म्हणजे वर्षाला ७३० वेळा, या हिशोबाने तीन वर्षं निघतील असं वाटतं. निघत नाहीत. रबर वापराने झिजतं तसं नुसत्या वयानेही खराब होतं, आतून बारीक भेगा पडतात, आणि त्या भेगांत काय बसतं ते ब्रशने निघत नाही. सहा महिन्यांनी बदलायचे, आतून बोट फिरवून खरखरीत लागलं तर त्याआधीच. चारही एकदम बदलायचे, एकच नवा घालून बाकी जुने ठेवले की ओढ कमीजास्त होते. आणि इथेच आमची खरी तक्रार आहे. मशीन विकली त्यांनी सुटे भाग हवे तेव्हा मिळतील असं सांगितलं होतं, नंतर फोन उचलायचे नाहीत. आम्हाला फोंड्यात आणि म्हापशात विचारून मिळाले नाहीत, शेवटी बेळगावहून मागवले. तर विकत घेताना लायनरचे दोन सेट, पल्सेटरची एक किट आणि पाइपचे तुकडे त्याच दिवशी बिलात घालून घ्या, आणि लायनरचा नंबर लिहून ठेवा कारण दिसायला सारखे असले तरी मापं वेगळी असतात.

वीज. पाऊस सुरू झाला की लाईट किती वेळा जाते ते आमच्या सत्तरी तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको. धार चालू असताना लाईट गेली की व्हॅक्यूम सुटतो आणि क्लॉ थेट खाली शेणात पडतो, म्हणून हात खाली धरूनच बसायचं, मोबाईल बघत लांब उभं राहायचं नाही. आणि उरलेली धार हाताने काढावी लागते. म्हणजे घरात किमान दोघांना हाताने धार यायलाच हवी, मशीन असली तरी. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर आमची मोटर उठत नाही, चालू होतानाचा झटका मोठा असतो. गोठ्याच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, आणि नीट अर्थिंग करून घ्या, हे पैसे वाचवू नका. ओल्या जमिनीवर उभ्या गायीला माणसाला जाणवतही नाही एवढा करंट जाणवतो, ती पाय झटकते, दूध चोरते, आणि आपण म्हणतो गायीला मशीन आवडत नाही. मोटर शक्य असेल तर भिंतीच्या पलीकडे ठेवा, आवाजही कमी होतो आणि पंपाच्या तेलाचा धूरही गोठ्यात येत नाही.

कोणत्या गायीला चालेल हेही बघायला हवं. आमच्या भागात अजून पुष्कळ घरांत गावठी पांढरी गाय आहे, श्वेतकपिला, नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी, जुन्या गोव्याच्या आयसीएआर म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या केंद्राने तिच्यावर काम केलं आणि जनावरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय ब्युरोकडे आता गोव्याची म्हणून तिची नोंद आहे. ती दिवसाला दोन-तीन लिटर देते, आपल्या पावसात आणि डोंगरातल्या चाऱ्यावर टिकते, फारशी आजारी पडत नाही. पण तिच्यासाठी ही मशीन नको. सडं लहान, दूध थोडं, आणि वासरू पाजल्याशिवाय सोडत नाही, दीड लिटरसाठी पंचवीस लिटरचा कॅन घासायचा हा विचारच चुकीचा. गीर असेल तर उलटा प्रश्न, सडं जाड आणि टोकाला फुगीर, साधा लायनर नीट बसत नाही, हवा खेचतो आणि घसरतो, आधी माप घेऊन मगच बोलणी करा. माझ्या मते रोजचं सहा-सात लिटरच्या खाली असेल तर हातच बरा.

पैसे म्हणाल तर एका क्लस्टरची, म्हणजे एका वेळी एकाच गायीला लावायची, मशीन आम्हाला सुट्या भागांसकट चाळीस हजारांच्या आत पडली, वायरिंग वेगळं. गाय घ्यायला कामधेनू योजना आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण उपकरणांसाठी काही मिळतं का ते पशुसंवर्धन खात्याच्या जवळच्या दवाखान्यात मशीन घ्यायच्या आधी विचारा, बिल झाल्यावर विचारून उपयोग नसतो. गायीच्या कानात बारा आकड्यांचा टॅग असला पाहिजे, कुठल्याही कागदाला तो नंबर लागतोच.

मार्क द्यायचे तर मशीनला पाचपैकी साडेतीन, विकल्यानंतरच्या सेवेला एक. पाडव्याला गोरवांना म्हणजे गुरांना ओवाळताना आईंनी यंदा ताट स्वतःच्या दोन्ही हातांनी धरलं होतं, मागच्या वर्षी मला आधार द्यावा लागला होता, तेव्हा ते साडेतीन मी मनापासून देतेय.

एक राहिलं, गाय आटवल्यावर काय करायचं. विण्याआधी साठ दिवस तिला सुट्टी द्यायचीच आणि तेवढे दिवस मशीन पडून राहते. ट्रॉलीवर गोणपाट टाकून गोठ्यात ठेवू नका. लायनर आणि पाइप काढून, धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात अंधारात ठेवा, उन्हाने रबर कडक होतं आणि पाइपला दुधाचा वास जरी राहिला तरी उंदीर एका रात्रीत कुरतडतात. पंपातलं तेल बघून ठेवा आणि पंधरा दिवसांतून एकदा दोन मिनिटं मोटर फिरवा, नाहीतर दमट हवेत आतली पाती चिकटून बसतात आणि नेमकी गाय व्यायल्यावर, चीक काढायच्या सकाळी, मोटर नुसती गुरगुरते. तसंही पहिले चार-पाच दिवस चीक हातानेच काढा, वासराला तो पोटभर मिळाला पाहिजे आणि कास तेव्हा सुजलेली, दुखरी असते.